सांभार

परतवाड्याहून पहिल्या एसटीनं घाट चढलो.
पिशवीत दोन पाने, टेफ्लॉनची पट्टी, मूठभर वायसर
आणि थंडीनं कवेलूसारखी कडक झालेली भाकर.

मुलींच्या वसतिगृहामागं पत्र्याची खोली, तिच्यात बॉयलर.
तायवाडे मॅडम म्हणाल्या,
संध्याकाळी पाणी भरून काटा दीडवर आणते, निंभोरकर भाऊ,
सकाळी बघावं तर अर्ध्याच्याही खाली.
चाळीस पोरी थंड पाण्यानं आंघोळ करतात,
म्हणजे करत नाहीत.

पहिला दिवस सांध्यांत गेला.
चुलीतली राख चिमटीनं एकेका सांध्यावर फुंकली.
ओल असली की राख काळी पडते, लपत नाही.
एकोणीस सांधे.
एकोणीसही राखाडी.
वर छताला डाग नाही, खाली फरशी कोरडी ठक्क,
एक मुंगीसुद्धा पाण्याच्या शोधात आलेली नाही.

मग रात्री तिथंच बसलो, पोतं अंथरून,
काट्याकडं बघत, जसं तापल्या लेकराकडं बघावं.
जाळ धरला. काटा दीडवरून दोनवर,
विडी संपायच्या आत अडीच,
तीन.
भिंतीपलीकडं काहीतरी थुंकलं.
काटा जरासा उतरला, पुन्हा चढला, पुन्हा थुंकलं.
जाळ विझला, लोखंड गार झालं,
आणि पहाटेपर्यंत काटा पावावर येऊन बसला,
कोणी काही विचारू नये असा.

म्हणजे गळत नव्हतं. तापलेलं पाणी फुगतं,
त्याला टेकायला जागा लागते,
ती जागा देणारी लाल टाकी कोपऱ्यात टांगलेली.
पान्यानं वर ठोकलं: धप्प.
खाली ठोकलं: धप्प.
अर्धी टाकी रिकाम्या डब्यासारखी वाजायला हवी होती.
हवाच सरली होती तिच्यातली, केव्हाची.

बाहेर गेलो झडपेची नळी बघायला.
गवतावर दहिवर गोठलेलं, पांढरं,
आणि नळीच्या तोंडाखाली हातभर वाफा,
हिरवागार सांभार.
सोनाय बेठेकर बसून खुडत होती, वरणापुरता.
‘रोज राती कोमट पानी पडते इथी,’ ती म्हणाली.
‘मले ठाऊक होतं. तुमी काल पुरा दिवस राख फुकत होते नं,
मले इचारलं काहून नाही?’

इचारलं नाही खरं.

जाळ बंद. पाणी सोडून काटा शून्यावर आणला.
टाकीच्या बुडाशी टोपण, टोपणात पिन.
पिन दाबताना श्वास धरला होता:
पाणी आलं असतं तर आतलं रबर फाटलेलं,
नवी टाकी, तीन महिने कागद.
आलं ते नुसतं फुस्स, म्हाताऱ्याच्या हुंकाराएवढं.

सातवीतल्या रेश्मीनं सायकलचा पंप आणला.
मी नळी धरली, ती मारत राहिली,
मिया, बारी, आफई मोजत,
दहाच्या पुढं गेल्यावर मोजणं सोडून नुसतंच,
कपाळावर घाम, त्या थंडीत.
हवेच्या मापानं एक दाखवला तेव्हा थांबवलं.
पाणी भरलं, दीडवर. ठोकलं.
वर धप्प, खाली टण्ण.
रेश्मीनं पाना मागून घेतला आणि स्वतः ठोकून पाहिलं. चारदा.

त्या रात्री काटा पावणेदोनपर्यंत गेला नि थांबला.
भिंतीपलीकडं काहीच थुंकलं नाही.
सकाळी न्हाणीघरातून वाफ, आरडाओरड,
कोणाचातरी साबण कोणीतरी पळवलेला.

पावतीवर मी लिहिलं: हवा, एक टाकी.
मॅडम म्हणाल्या, हवेचं बिल वर कसं पाठवू मी?
खोडून ‘वायसर’ लिहिलं.

सोनाय वाफ्यापाशी उभी, कमरेवर हात.
नळीच्या तोंडाखाली बोट धरून बघितलं तिनं,
कोरडं बोट लुगड्याला पुसलं उगाच.
‘लेकरं न्हाली, बरं झालं,’ म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
‘याले आता दहिवर लागन.’